आद्य मत्स्यांतील तंत्रिका-अनुबंधन : संशोधनाचा इतिहास

दोन तंत्रिका कोशिका (चेतापेशी) जेथे एकमेकींच्या अगदी निकट येतात व जेथे एकीतील संदेश दुसरीकडे जातो, त्या स्थानास अनुबंधन किंवा सिनॅप्स म्हणतात. हालचाल, संवेदना, स्मृती, विचार या सर्व क्रिया अशा असंख्य अनुबंधनांतून होणाऱ्या संदेशवहनावर अवलंबून असतात. या स्थानी दोन कोशिका एकजीव झालेल्या असतात की विलग राहतात आणि विलग राहत असल्यास संदेश मधली फट कशी ओलांडतो, हे प्रश्न सु. शंभर वर्षे वादाचे विषय होते. त्यांच्या उत्तरांकडे नेणाऱ्या वाटेवर लँप्री व हॅगफिश या जबडा नसलेल्या आद्य माशांचा संबंध पुन:पुन्हा आलेला आहे. मानवाच्या मेंदूतील जे बारकावे पाहता येत नव्हते, त्यांपैकी काही या प्राण्यांच्या मेरुरज्जूत प्रथमच स्पष्टपणे पाहता आले. त्या संशोधनाचा इतिहास येथे थोडक्यात दिला आहे.

आद्य मत्स्य : पृष्ठवंशी प्राण्यांपैकी (पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपैकी) लँप्री व हॅगफिश यांना जबडे व युग्मित (जोडीचे) पर नसतात. त्यांचे शरीर वामसारखे लांबट व गुळगुळीत असून त्यावर खवले नसतात. लँप्रीचे तोंड वाटोळे, चूषकासारखे असते. यामुळे या दोन्हींचा समावेश सायक्लोस्टोमाटा म्हणजे गोलमुखी या गटात करतात. जबडे असलेल्या पृष्ठवंशी प्राण्यांपासून त्यांचा वंश सु. ५० कोटी वर्षांपूर्वी अलग झाला असे मानतात. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या व २००६ मध्ये वर्णन प्रसिद्ध झालेल्या प्रिस्कोमायझॉन या सु. ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्माचे आजच्या लँप्रीशी विलक्षण साम्य आहे. लँप्री मुख्यत्वे समशीतोष्ण प्रदेशांतील नद्या व समुद्र यांत राहतात. तिचा डिंभ (अळीसारखी बाल्यावस्था) नदीच्या गाळात काही वर्षे पुरून घेऊन राहतो. हॅगफिश समुद्राच्या तळाशी राहते.

महाराष्ट्रातील वाचकास हे प्राणी परिचित नाहीत. नंदुरबार जिल्ह्यातून वाहणारी तापी किंवा त्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा या नद्यांत लँप्री आढळत नाही. तेथील रोहू, कटला, मरळ इ. मासे अस्थिमत्स्य म्हणजे हाडांचा सांगाडा व जबडे असलेले मासे आहेत. तथापि या परिचित माशांच्या मेंदूतही लँप्रीच्या मेंदूतील काही रचनांशी जुळणाऱ्या रचना आहेत. पाण्यावर काठी आपटताच मासा क्षणार्धात शरीर वाकवून उलट दिशेला झेप घेतो, हे कोणत्याही कोळ्याला ठाऊक असते. या झेपेचा आदेश मुख्यत: मेंदूच्या मागील भागातील दोन मोठ्या कोशिकांकडून जातो. पाइक या माशात त्यांच्या जाड तंतूंचे वर्णन १८५९ मध्ये लूटव्हिख माउथनर यांनी केल्यामुळे त्यांना माउथनर कोशिका म्हणतात. लँप्रीतही माउथनर कोशिका असतात आणि त्यांच्या जोडीला तशाच मोठ्या आणखी काही कोशिका असतात.

आरंभीचे निरीक्षण : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योहानेस म्यूलर या जर्मन शारीरविज्ञांनी गोलमुखी माशांच्या शारीराचा सविस्तर अभ्यास केला. लँप्रीच्या मेरुरज्जूत आडव्या छेदामध्ये सहज दिसतील असे काही अतिशय जाड तंतू असतात. हे तंतू पुढे म्यूलर तंतू या नावाने ओळखले जाऊ लागले. १८६० मध्ये एर्न्स्ट राइसनर यांनी नदीतील लँप्रीच्या मेरुरज्जूच्या रचनेवर निबंध लिहिला व त्याच्या पृष्ठीय (पाठीकडील) भागातील मोठ्या कोशिकांचे वर्णन केले.

या मोठ्या आकारमानाचे कारण शरीरक्रियेत आहे. उच्च पृष्ठवंशी प्राण्यांत तंत्रिका तंतूंवर मायलिन या वसामय पदार्थाचे आवरण असते व त्यामुळे बारीक तंतूतूनही संदेश वेगाने जातो. लँप्री व हॅगफिश यांच्यात असे आवरण नसते. आवरण नसलेल्या तंतूत वेग वाढविण्याचा एक उपाय म्हणजे तंतूची जाडी वाढविणे होय. लँप्रीचे सर्वांत मोठे तंतू सु. ५० मायक्रोमीटर किंवा त्याहून अधिक जाड असतात (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). प्राण्याच्या दृष्टीने ही जुनी व्यवस्था आहे. संशोधकाच्या दृष्टीने मात्र ती अतिशय सोयीची ठरली.

फ्रॉइड यांचे कार्य : राइसनर यांनी पाहिलेल्या कोशिकांचा मेरुरज्जूतून निघणाऱ्या तंत्रिकांशी काय संबंध आहे, हा प्रश्न व्हिएन्ना येथील शरीरक्रियाविज्ञ एर्न्स्ट ब्र्यूक यांच्या प्रयोगशाळेत सिग्मंड फ्रॉइड या विद्यार्थ्याकडे आला. मनोविश्लेषणाचे प्रवर्तक म्हणून जगाला माहीत असलेले फ्रॉइड ते हेच. १८७७ व १८७८ मध्ये त्यांनी लँप्रीच्या मेरुरज्जूवर दोन निबंध प्रसिद्ध केले. राइसनर कोशिकांपासून निघणारे तंतू मेरुरज्जूच्या पश्च (संवेदी) मूळात जातात, हे त्यांनी दाखविले. शिवाय मेरुरज्जू व त्याच्या बाहेरील गुच्छिका यांच्या दरम्यान वाटेत राहून गेलेल्या कोशिकाही त्यांना आढळल्या. क्रमविकासात संवेदी कोशिका मेरुरज्जूच्या आतून बाहेर सरकल्या असाव्यात, या कल्पनेला त्यामुळे आधार मिळाला. तंत्रिका कोशिका व तिचे तंतू मिळून एकच घटक होतो, या मताच्या अगदी जवळ फ्रॉइड १८८२ च्या सुमाराच्या आपल्या विवेचनात आलेले दिसतात. पुढे उपजीविकेसाठी ते वैद्यकीय व्यवसायाकडे वळले आणि हा विषय त्यांच्या हातून सुटला.

जालिका की कोशिका : १८७३ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ कामील्लो गॉल्जी यांनी रजत लवणाच्या साहाय्याने तंत्रिका ऊतक रंगविण्याची पद्धत शोधून काढली. या पद्धतीत हजारो कोशिकांपैकी थोड्याच कोशिका काळ्या होतात, परंतु त्या आपल्या सर्व शाखांसह पूर्णपणे दिसतात. गॉल्जी यांच्या मते सर्व कोशिकांचे तंतू एकमेकांत मिसळून एक अखंड जालिका तयार होते. म्हणजे मेंदू हा एक सलग पट ठरतो आणि त्यात कोणत्याही एका कोशिकेला स्वतंत्र कार्य उरत नाही.

नॉर्वेतील बर्गेन येथील संग्रहालयात काम करणारे तरुण प्राणिशास्त्रज्ञ फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १८८६ मध्ये पाव्हीया येथे जाऊन ही पद्धत प्रत्यक्ष पाहिली आणि परतल्यावर ती हॅगफिशच्या मेरुरज्जूसाठी वापरली. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात त्यांनी दोन महत्त्वाच्या गोष्टी नोंदविल्या. पहिली म्हणजे, संवेदी तंतू मेरुरज्जूत शिरल्यावर दुभंगतो व त्याची एक शाखा वर व दुसरी खाली जाते. दुसरी अशी की, तंतूंची दाट गुंफण दिसत असली, तरी एका कोशिकेचे तंतू दुसरीच्या तंतूंत विलीन झाल्याचे आढळत नाही. ज्या पद्धतीच्या आधारे गॉल्जी अखंड जालिकेचे प्रतिपादन करीत होते, त्याच पद्धतीने नान्सेन यांना विलगतेची चिन्हे दिसली. व्हिल्हेल्म हिस व ऑग्यूस्त फॉरेल यांनीही १८८६-८७ मध्ये अन्य मार्गांनी अशाच निष्कर्षाकडे बोट दाखविले. १८८८ मध्ये नान्सेन यांनी डॉक्टरेट मिळविली व लगेच ते ग्रीनलंड पार करण्याच्या मोहिमेवर निघाले. पुढे ध्रुवप्रदेशाचे समन्वेषक व निर्वासितांचे साहाय्यकर्ते म्हणून त्यांची ख्याती झाली आणि १९२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

१८८८ पासून स्पॅनिश शास्त्रज्ञ सांत्यागो रामॉन ई काहाल यांनी पक्षी व सस्तन प्राणी यांच्या मेंदूंवर विपुल संशोधन करून कोशिकांच्या स्वातंत्र्याचा सिद्धांत दृढ केला. १८९१ मध्ये व्हिल्हेल्म व्हाल्डायर यांनी या घटकाला न्यूरॉन हे नाव दिले. स्वीडनचे गुस्ताव्ह रेट्सियस यांनी त्याच सुमारास हॅगफिशच्या तंत्रिका तंत्राची रेखाटने प्रसिद्ध केली. १८९७ मध्ये ब्रिटिश शरीरक्रियाविज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी दोन कोशिकांच्या भेटीच्या स्थानाला सिनॅप्स हे नाव सुचविले. १९०६ चे नोबेल पारितोषिक गॉल्जी व काहाल यांना विभागून देण्यात आले, तेव्हाही गॉल्जी यांनी आपल्या भाषणात जालिकेचाच पुरस्कार केला.

हा वाद तेव्हा मिटू शकला नाही, याला भौतिक कारण होते. प्रकाश सूक्ष्मदर्शकातून सु. २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत (१ नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग). दोन कोशिकांमधील फट मात्र सु. २० नॅनोमीटर म्हणजे या मर्यादेच्या सु. दहाव्या हिश्शाइतकी असते. काहाल यांनी फट मानली होती, पण ती पाहिली नव्हती. ती कोणालाही पाहता येण्यासारखी नव्हती.

रासायनिक की विद्युत् : कोशिका विलग आहेत असे मानल्यावर दुसरा प्रश्न पुढे आला. संदेश तंतूतून विद्युत् आवेगाच्या रूपाने जातो हे ज्ञात होते. तो फट कशी ओलांडतो? १९२१ मध्ये ओटो लोव्ही यांनी बेडकाच्या हृदयावरील प्रयोगात तंत्रिकेच्या टोकापासून रासायनिक द्रव्य सुटते असे दाखविले. लोव्ही व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि मेंदू व मेरुरज्जू यांतील जलद संदेशवहन विद्युत् स्वरूपाचेच असावे असे जॉन एकल्स व इतर अनेकांचे मत होते. १९५१ मध्ये कोशिकेच्या आत सूक्ष्म विद्युत् अग्र घालून केलेल्या स्वत:च्याच प्रयोगांनी एकल्स यांचे मत बदलले व ते रासायनिक पक्षाचे झाले. बर्नार्ड काट्झ व त्यांचे सहकारी यांनी याच दशकात प्रेषक द्रव्य ठराविक मापाच्या पुड्यांच्या रूपाने सुटते असे सिद्ध केले. तोच १९५७ मध्ये एडविन फर्शपान व डेव्हिड पॉटर यांना चिंगाटीसारख्या क्रेफिश या प्राण्यात विद्युत् प्रवाह एका कोशिकेतून थेट दुसरीत जात असल्याचे आढळले. पराभूत ठरलेला पक्ष अशा रीतीने पुन्हा उभा राहिला.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा उपयोग : १९५४-५५ मध्ये जॉर्ज पॅलाडी व सॅनफर्ड पॅले आणि स्वतंत्रपणे एड्वार्दो दे रॉबेर्तिस व एच्. एस्. बेनेट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अनुबंधनाची चित्रे मिळविली. दोन्ही कोशिकांची पटले अलग असून त्यांच्यामध्ये स्पष्ट फट दिसली. जालिकेचा सिद्धांत येथे संपला. संदेश देणाऱ्या बाजूस सु. ४० ते ५० नॅनोमीटर व्यासाच्या गोल पुटिकांचा (सूक्ष्म पिशव्यांचा) पुंजका आढळला. काट्झ यांच्या पुड्यांना अशा रीतीने दृश्य रूप मिळाले.

विद्युत् अनुबंधनाची रचना याहून वेगळी असल्याचे १९६३ मध्ये जे. डेव्हिड रॉबर्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनमाशाच्या (गोल्डफिशच्या) माउथनर कोशिकेत दाखविले. येथे पटले एकमेकांना जवळजवळ चिकटलेली असतात. त्यांच्यामध्ये केवळ काही नॅनोमीटर अंतर उरते व ते सूक्ष्म नलिकांनी सांधलेले असते. सोनमासा हा रोहू व कटला यांच्याच सिप्रिनिडी कुलातील आहे.

लँप्रीचे महाअनुबंधन : यानंतर लँप्रीकडे पुन्हा लक्ष वळले. तिचा मेरुरज्जू चपट्या फितीसारखा, पारभासक व मिलिमीटरच्या काही दशांशांइतका जाड असतो. त्याच्या आत रक्तवाहिन्या नसतात. शरीराबाहेर काढून थंड लवणविद्रावात ठेवल्यास तो दीर्घकाळ कार्यक्षम राहतो. त्यातील मोठ्या कोशिका संख्येने थोड्या असून प्रत्येक प्राण्यात त्याच जागी आढळतात. त्यामुळे एका प्राण्यात केलेले निरीक्षण दुसऱ्या प्राण्यातील त्याच कोशिकेवर पडताळता येते. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत ही सोय सहसा मिळत नाही.

१९६७ मध्ये कार्ल रोव्हेनेन यांनी सागरी लँप्रीतील म्यूलर व माउथनर कोशिका, पृष्ठीय कोशिका आणि मेरुरज्जूतील महाकोशिका यांचे शारीर व शरीरक्रिया यांचे वर्णन प्रसिद्ध केले. राइसनर व फ्रॉइड यांनी पाहिलेल्या कोशिकांच्या आत विद्युत् अग्रे गेली आणि त्या स्पर्श व दाब यांच्या संवेदना वाहून नेतात हे निश्चित झाले. १९७५ मध्ये रिंगहॅम यांनी म्यूलर तंतू व मेरुरज्जूतील पार्श्व कोशिका यांच्यामधील महाअनुबंधनाचे मापन केले. तंतूत आवेग येताच दुसऱ्या कोशिकेत दोन प्रतिसाद मिळतात. पहिला जवळजवळ तत्काळ उमटतो व तो विद्युत् स्वरूपाचा असतो. दुसरा किंचित उशिरा येतो व तो रासायनिक असतो. ज्या दोन मतांवरून एका पिढीचे शास्त्रज्ञ विभागले गेले होते, ती दोन्ही या एकाच अनुबंधनात शेजारी शेजारी खरी ठरली. अशी मिश्र अनुबंधने इतर पृष्ठवंशी प्राण्यांतही आढळली आहेत.

सूक्ष्मरचना : म्यूलर तंतू मस्तिष्क स्तंभापासून शेपटीकडे मेरुरज्जूच्या लांबीभर जातो. अनुबंधने केवळ त्याच्या टोकाशी नसून वाटेत जागोजाग तंतूच्याच पटलावर असतात. अशा प्रत्येक जागी पटलाच्या आतील बाजूस दाट द्रव्याचा लहानसा पट्टा दिसतो. यास क्रियाशील क्षेत्र म्हणतात. त्याला लागून शेकडो पुटिकांचा ढीग असतो. समोर, सु. २० नॅनोमीटरच्या फटीपलीकडे, दुसऱ्या कोशिकेची शाखा असते व तिच्या पटलात प्रेषक द्रव्य ओळखणारे ग्राही रेणू बसविलेले असतात. येथील मुख्य प्रेषक द्रव्य ग्लुटामेट हे आहे. मानवी मेंदूतही उद्दीपनाचे कार्य मुख्यत: याच द्रव्याकडे आहे.

आवेग आल्यावर तंतूत कॅल्शियमचे आयन शिरतात. पटलाला टेकलेल्या काही पुटिका पटलाशी एकरूप होऊन फुटतात व त्यांतील द्रव्य फटीत पडते. ते ग्राहींना चिकटताच दुसऱ्या कोशिकेत विद्युत् बदल होतो. ही सर्व क्रिया सु. एका सहस्रांश सेकंदात घडते.

बहुतेक प्राण्यांत तंत्रिकेचे टोक इतके लहान असते की ते पुटिकांनी भरून गेलेले दिसते. लँप्रीच्या महातंतूत मात्र पुटिकांचा ढीग मोठ्या अंगणाच्या कडेला रचलेल्या धान्याच्या राशीप्रमाणे अलग उठून दिसतो व त्याच्या भोवतालचे पटल मोकळे असते. त्यामुळे राशीतून काय गेले व बाजूने काय परत आले, हे दोन्ही वेगवेगळे पाहता येते. तंतू जाड असल्याने त्याच्या आत बारीक नळीने प्रथिने किंवा प्रतिपिंडे घालणेही शक्य होते.

पुटिकांचे चक्र : पुटिका फुटून पटलात मिसळत राहिल्या तर साठा संपला पाहिजे व पटल वाढत गेले पाहिजे. तसे होत नाही, कारण पटलाचा तुकडा आत ओढून पुन्हा पुटिका तयार होते. १९७३ मध्ये जॉन ह्यूझर व टॉमस रीझ यांनी बेडकाच्या स्नायूवरील तंत्रिकाग्रांत या चक्राचे पुरावे दिले. १९७४ मध्ये फेनिंगर व रोव्हेनेन यांनी गोठवून भंग केलेल्या लँप्रीच्या मेरुरज्जूत, पुटिका पटलाला जोडल्या जाण्याच्या जागा उद्दीपनावर व कॅल्शियमवर अवलंबून असतात असे दाखविले. १९८५ मध्ये विकलग्रेन व सहकाऱ्यांनी द्रव्य सुटताना लँप्रीच्या तंतूंच्या सूक्ष्मरचनेत होणारे बदल अभ्यासले.

१९९५ मध्ये व्हिन्सेंट पीरिबोन, ओलेग शुप्ल्याकोव्ह, लेन्नार्ट ब्रोडिन, पॉल ग्रीनगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी लँप्रीच्या महातंतूत सिनॅप्सिन या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे टोचली. पटलापासून दूरच्या पुटिकांची रास त्यामुळे विस्कटली, परंतु पटलालगतच्या पुटिका जागीच राहिल्या. आवेग विरळ असताना संदेशवहन नीट चालले. आवेग दाट होताच ते खालावले. म्हणजे पुटिकांचे दोन साठे असतात : एक हाताशी असलेला व दुसरा राखीव. राखीव साठा सिनॅप्सिनाने बांधून ठेवलेला असतो. ग्रीनगार्ड यांना तंत्रिका तंत्रातील संदेशवहनावरील संशोधनाबद्दल २००० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मुंबईतील संशोधन : पुटिकांच्या चक्राच्या अभ्यासात महाराष्ट्रातील एका संस्थेचाही सहभाग आहे. तिची वाट मात्र वेगळी होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवविज्ञानाचा विभाग सुरू केला. माशाचा मोठा तंतू घेऊन त्यात नळी घालण्याऐवजी तेथे फळमाशी या चिमुकल्या कीटकातील आनुवंशिक दोषांचा आधार घेण्यात आला. तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या व गारव्यात पुन्हा सावरणाऱ्या फळमाश्यांच्या तंत्रिका दोषांविषयी सिद्दिकी व सीमूर बेंझर यांनी १९७६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. अशा दोषांपैकी १९७३ मध्ये वर्णिलेल्या एकास शिबिरे हे जपानी नाव असून त्याचा अर्थ बधिर होणे असा आहे. १९८३ मध्ये कोसाका व इकेडा यांनी या माश्यांच्या अनुबंधनांत उच्च तापमानास पुटिका नाहीशा होतात व पटलावर न तुटलेले खळगे साचतात असे दाखविले. १९९१ मध्ये शिबिरे जनुकापासून डायनॅमिन हे प्रथिन तयार होते असे कळले. टाटा संस्थेतील के. एस्. कृष्णन यांनी मणी रामस्वामी व रेजिस केली यांच्यासमवेत १९९४ मध्ये या माश्यांच्या स्नायूंवरील तंत्रिकाग्रांत चमकणारे रंजक वापरून पुटिकांच्या पुनर्निर्मितीचे मधले टप्पे जिवंत ऊतकात दाखविले.

१९९७ मध्ये शुप्ल्याकोव्ह, ब्रोडिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लँप्रीच्या महातंतूत डायनॅमिनाला त्याच्या जोडीदार प्रथिनाशी बांधू न देणारा प्रथिनाचा तुकडा टोचला. क्रियाशील क्षेत्राच्या कडेला आत वळलेले, पण पटलापासून न तुटलेले खळगे साचले. फळमाशीत आनुवंशिक दोषाने जे घडले होते, तेच लँप्रीत टोचणीने घडले. कीटक व पृष्ठवंशी यांचे वंश ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी अलग झालेले आहेत. तरीही पुटिका तोडणारी ही यंत्रणा दोहोंत एकच आढळते. मुंबईतील फळमाशी व उत्तरेकडील थंड पाण्यातील लँप्री यांच्यावरील कामे एकमेकांना पूरक ठरतात ती यामुळेच.

पोहण्याचे जाल : सुटी अनुबंधने समजल्यावर त्यांच्या जोडणीतून क्रिया कशी निर्माण होते, हा पुढचा प्रश्न होता. १९८० मध्ये अव्हिस कोहेन व पेटर वालेन यांनी शरीराबाहेर काढलेल्या लँप्रीच्या मेरुरज्जूत पोहण्याच्या हालचालीशी जुळणारा आवेगांचा ताल निर्माण करता येतो असे दाखविले. स्टॉकहोम येथील स्टेन ग्रिलनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तालामागील कोशिकांचे जाल पुढील दशकांत उलगडले. एका बाजूच्या कोशिका त्या बाजूच्या स्नायूंना उद्दीपित करतात व त्याच वेळी दुसऱ्या बाजूला थोपवून धरतात. मग पाळी उलटते. पृष्ठवंशी प्राण्याची एक संपूर्ण हालचाल कोशिका व अनुबंधने यांच्या पातळीवर समजावून देणारे हे आरंभीच्या उदाहरणांपैकी एक आहे. ग्रिलनर यांना २००८ मध्ये काव्हली पारितोषिक विभागून देण्यात आले.

वैद्यकीय महत्त्व : माणसाचा मेरुरज्जू अपघातात तुटल्यास तुटलेले तंतू सहसा पुन्हा जुळत नाहीत व खालचे शरीर कायमचे लुळे होते. लँप्रीचा मेरुरज्जू पूर्णपणे छेदला, तरी काही आठवड्यांनी ती पुन्हा पोहू लागते. रोव्हेनेन यांनी १९७६ मध्ये व त्यानंतर मायकेल सेल्झर, कोहेन इत्यादींनी छेद ओलांडून तंतू वाढतात व नवी अनुबंधने तयार होतात असे दाखविले. ही दुरुस्ती परिपूर्ण नसते. २०१० मध्ये जेनिफर मॉर्गन व सहकाऱ्यांना अशी नवी अनुबंधने संख्येने विरळ व आकाराने लहान असल्याचे आढळले. तरीही तेवढ्यावर प्राणी पोहतो. मोडलेले सर्व पूर्ववत जोडले गेले नाही, तरी हालचाल परत येऊ शकते, हा या निरीक्षणाचा अर्थ मानवी उपचारांच्या दृष्टीने मोलाचा आहे.

२०१४ मध्ये मॉर्गन यांच्या गटाने कंपवाताशी (पार्किन्सन रोगाशी) संबंधित आल्फा-सायन्यूक्लीन हे प्रथिन लँप्रीच्या महातंतूत घातले. तीव्र उद्दीपनाच्या वेळी पुटिकांच्या पुनर्निर्मितीत त्यामुळे अडथळा आला. मानवी मेंदूतील रोगाचा आरंभ अनुबंधनाच्या कोणत्या पायरीवर होत असावा, हे शोधण्यास अशा प्रयोगांचा उपयोग होतो.

मूल्यमापन : लँप्रीला आद्य म्हणताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ती मानवाची पूर्वज नाही. अलग झाल्यानंतरची सु. ५० कोटी वर्षे तिच्याही वंशाने क्रमविकासातच घालविली आहेत आणि अनेक जातींतील रक्त शोषण्याची पद्धत हे त्या काळात घडलेले अनुकूलन आहे. म्हणून लँप्रीत जे आढळते ते सर्व आपल्या पूर्वजांत होते, असे म्हणता येत नाही. लँप्री व मानव या दोघांत जे समान आढळते, ते त्यांच्या समान पूर्वजाकडून आले असण्याचा संभव अधिक असतो. पुटिका, क्रियाशील क्षेत्र, ग्लुटामेट व त्याचे ग्राही, सिनॅप्सिन, डायनॅमिन ही सर्व साधने या समान भागात मोडतात. याउलट मायलिनाचे आवरण या भागात मोडत नाही. ते जबड्यांच्या प्राण्यांचा वंश अलग झाल्यानंतर आले असे मानतात. मानवी मेंदू व लँप्रीचा मेंदू यांतील अंतर मोठे असले, तरी ते मुख्यत: कोशिकांची संख्या, त्यांचे प्रकार व त्यांची जोडणी यांतील आहे. ज्या स्थानी एक कोशिका दुसरीला संदेश देते, त्या स्थानाची मूळ घडण पहिले मासे समुद्रात वावरत होते तेव्हाच सिद्ध झालेली होती.